कुप्याची शेती आणि बीजाचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून किनारपट्टीच्या तालुक्यांत भरणाऱ्या शेतकरी मेळाव्यांत मासळीविषयीचे प्रश्न कृषी अधिकाऱ्यांपुढेही येऊ लागले आहेत, व ते येणे योग्यच आहे. त्यांपैकी एक प्रश्न हटकून विचारला जातो. जपानात कुपा मासा, ज्यास व्यापारी ट्यूना म्हणतात, पिंजऱ्यात वाढवितात आणि एकेक मासा लाखो रुपयांस विकतात. मग आपल्या समुद्रात कुपा असताना आपण त्याची शेती का करू नये? प्रश्न विचारणाराच्या डोळ्यांपुढे बहुधा टोकियोच्या बाजारातील नववर्षाचा लिलाव असतो. जानेवारी २०१९ मध्ये तेथे २७८ किलो वजनाचा एक मासा ३३ कोटी ३६ लक्ष येनला, म्हणजे आपल्या वीस कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेला, ही बातमी खरी आहे. परंतु तो भाव माशाचा नव्हता, जाहिरातीचा होता. वर्षाच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग मासा घेणाऱ्या हॉटेलवाल्याचे नाव जगभर छापून येते, व त्या प्रसिद्धीची किंमत बोलीत धरलेली असते. त्यावरून कुप्याच्या शेतीचा हिशेब मांडणे म्हणजे प्रदर्शनात पारितोषिक मिळालेल्या बैलाच्या किमतीवरून गावच्या बाजारातील बैलांचे मोल ठरविण्यासारखे आहे.

असे असले तरी प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कुप्याच्या संवर्धनाची हकीकत नीट समजून घेतली तर शेतीचा सर्वांत जुना प्रश्न, म्हणजे बियाणे कोणाच्या हाती आहे हा प्रश्न, पुन्हा नव्याने समोर उभा राहतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की आपल्या शेतकऱ्याने कुप्याच्या मागे लागू नये, परंतु कुप्याचे बी तयार करण्यासाठी जपानात जे कष्ट घेतले गेले त्यांचा अभ्यास मात्र अवश्य करावा.

प्रथम या माशाविषयी थोडे. कुपा हे एका माशाचे नाव नसून एका कुळाचे आहे. आपल्या किनाऱ्यास येणारे गेदर व लहान कुपे हे त्या कुळातील उष्ण पाण्यातील भाईबंद होत. जपान, ऑस्ट्रेलिया व भूमध्य समुद्र येथे ज्यास पिंजऱ्यात वाढवितात तो ब्लूफिन ट्यूना हा थंड व खोल समुद्राचा रहिवासी असून पूर्ण वाढ झाल्यावर दोनशे किलोंच्याही वर जातो. हा मासा जन्मभर पोहत राहतो. इतर बरेच मासे स्थिर राहूनही कल्ल्यांतून पाणी खेळवू शकतात. याला ते साधत नाही. तोंड उघडे ठेवून वेगाने पुढे जाणे हाच याचा श्वास होय, व थांबणे म्हणजे गुदमरणे होय. शिवाय याच्या अंगातील रक्तवाहिन्यांची रचना अशी आहे की स्नायूंत निर्माण झालेली ऊब बाहेर जाऊ न देता ती आतच राखली जाते, त्यामुळे याचे शरीर भोवतालच्या पाण्याहून गरम राहते. सतत पोहणारा व अंग गरम राखणारा प्राणी किती खात असेल याची कल्पना बैलजोडी बाळगणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास करता येईल. त्या खाण्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

आता या माशाची शेती म्हणून जी दाखविली जाते ती प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन या बंदरी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून हा धंदा चालतो. पकडण्याचा कोटा शासनाने कमी केला, तेव्हा थोड्या माशांतून अधिक पैसा मिळविण्याचा हा मार्ग तेथील मच्छीमारांनी शोधला. खुल्या समुद्रात कोवळ्या ट्यूनांचा थवा मोठ्या जाळ्यात वेढावयाचा, मासे तरत्या पिंजऱ्यात घ्यावयाचे, व तो पिंजरा होडीमागे बांधून अगदी सावकाश, कित्येक दिवस ओढीत किनाऱ्याजवळ आणावयाचा. नंतर तेथे काही महिने तारली व बांगड्यासारखी लहान मासळी चारून ते लठ्ठ करावयाचे व जपानला पाठवावयाचे. भूमध्य समुद्रात स्पेन, माल्टा व क्रोएशिया या देशांत हीच रीत रूढ झाली. यात कौशल्य आहे, भांडवल आहे, मेहनतही आहे. परंतु यास शेती म्हणता येईल का? माझ्या मते नाही. रानातील कालवड धरून आणून दावणीला बांधावी व चार महिने पेंड घालून विकावी, तसे हे आहे. दावणीवरच्या गाईस वासरू होऊन ते वासरू गोठ्यातच वाढले, त्यालाही पुढे वासरू झाले, तरच तो गोपालनाचा व्यवसाय ठरतो. एरवी रानातील कळप संपला की धंदाही संपतो, आणि गमतीची गोष्ट अशी की कळप संपविण्यास हा धंदाच हातभार लावतो. कारण तो ज्यांना धरतो ती एकदाही अंडी न घातलेली कोवळी मासळी असते.

हे आपल्यास नवे वाटू नये. रोहू, कटला व मृगळ या माशांची तळ्यांतील शेती आपल्या देशात फार जुनी, परंतु १९५७ पर्यंत तिचे बी नदीचे होते. हे मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पावसाळ्यात गंगा व तिच्या उपनद्यांच्या काठी जाळी लावून पिले गोळा करीत, ती मातीच्या मडक्यांत घालून आगगाडीने दूरदूर पाठवीत. वाटेत पुष्कळ मरत. जी जगत त्यांत कोणत्या जातीची किती हे विकणाराही सांगू शकत नसे, आणि कधी त्यांतूनच दुसऱ्यांची पिले खाणारा एखादा मरळ किंवा बोआळ तळ्यात शिरे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अनगूळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालील पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. त्या दिवशी भारतातील मत्स्यशेती नदीच्या लहरीतून सुटली. आज विदर्भातील एखादा तलावधारक सोसायटीचा सभासद बोटुकली मागवतो, तेव्हा त्याला हव्या त्या जातीची, मोजून व हंगामात मिळते, ती या एका शोधामुळे. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. ग्रामीण कार्यकर्त्यांनी त्या दिवशी हारतुरे थोडे कमी करून ही हकीकत गावकऱ्यांस सांगितली तर अधिक बरे होईल.

कार्पच्या बाबतीत जे झाले ते कुप्याच्या बाबतीत करणे फार अवघड गेले. ते करून दाखविले जपानमधील एका खाजगी विद्यापीठाने. ओसाकाजवळील किन्की विद्यापीठाने, जे आता किंदाई म्हणून ओळखले जाते, १९४८ साली वाकायामा प्रांतात शिराहामा येथे समुद्रकाठी प्रयोगशाळा काढली. युद्धानंतर त्या देशात अन्नाची ददात होती, आणि जमिनीप्रमाणे समुद्राचीही मशागत करावी हा विचार संस्थापकांच्या मनात होता. तरत्या जाळीच्या पिंजऱ्यात मासे वाढविण्याची पद्धत याच प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात बसविली. १९७० मध्ये जपानच्या मत्स्य खात्याने ब्लूफिनच्या संवर्धनाची तीन वर्षांची योजना आखली व काही संस्थांना त्यासाठी पैसा दिला. तीन वर्षे संपली, हाती काही लागले नाही, बाकीच्या संस्थांनी काम सोडले. किन्कीच्या मंडळींनी सोडले नाही. पैसा कोठून आणावा, तर प्रयोगशाळेतच वाढविलेले इतर मासे व त्यांची पिले मच्छीमारांना विकून त्या उत्पन्नावर त्यांनी ट्यूनाचे काम चालू ठेवले. सरकारी योजनेची मुदत तीन वर्षे आणि माशाच्या एका पिढीची मुदत पाच वर्षे असेल, तर योजनेचे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. आपल्या खात्याच्या योजना आखणाऱ्यांनी एवढे एक वाक्य जरी टिपून ठेवले तरी पुष्कळ झाले.

आरंभी तर मासा हाती धरणेच जमेना. कोवळ्या ट्यूनाची कातडी इतकी नाजूक, की जाळ्याला किंवा माणसाच्या तळहाताला ती घासली तरी तो दोन दिवसांत मरे. शेवटी उलटा काटा नसलेल्या गळाने मासे पकडून, हात न लावता ते पाण्यात सोडण्याची रीत बसली, तेव्हा काही जगले. त्यांतील मासे मोठे होऊन १९७९ साली पिंजऱ्यातच त्यांनी अंडी घातली. बंदिस्त ब्लूफिनने अंडी घालण्याची ती जगातील पहिली वेळ होती. १९८० व १९८२ मध्येही अंडी मिळाली, परंतु पिले काही आठवड्यांपलीकडे जगली नाहीत. आणि पुढे अकरा वर्षे, १९८३ पासून १९९३ पर्यंत, माशांनी अंडी घातलीच नाहीत. मासे खात होते, पोहत होते, वाढत होते. त्यांना रोज चारा घालणे, जाळी साफ करणे, वादळात पिंजरे सांभाळणे हे सर्व चालूच राहिले. त्या कामाचे प्रमुख हिदेमी कुमाई व त्यांचे सहकारी यांनी अकरा उन्हाळे अंड्यांची वाट पाहिली. फळझाडे लावणाऱ्या आपल्या कोकणी शेतकऱ्यास वाट पाहणे नवे नाही. तथापि सात वर्षांनी मोहोर न आलेल्या कलमास आणखी चार वर्षे पाणी घालणारे थोडेच.

१९९४ मध्ये अंडी पुन्हा मिळाली, व तेथून खरी परीक्षा सुरू झाली. ब्लूफिनचे अंडे एक मिलिमीटर व्यासाचे असते. एक मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. त्यामुळे अंड्यांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो जगणाऱ्या पिलांचा. दीड दिवसात अंड्यातून पिलू बाहेर येते ते तीन मिलिमीटरचे, केसासारखे. पहिल्या दिवसांत ही पिले पाण्याच्या वरच्या थरात आली की पृष्ठभागास चिकटून तेथेच मरत. ते टाळले तर रात्री पोहणे मंदावून ती तळाशी बुडत व तळावर मरत. त्यातून वाचलेली दोन-तीन आठवड्यांची झाली की एकमेकांस खाऊ लागत. जो किंचित मोठा तो किंचित लहानास गिळे. त्यासाठी दुसऱ्या जातीच्या माशांची नुकतीच जन्मलेली पिले रोज ताजी पैदा करून ती यांना चारावी लागली. म्हणजे एका माशाची रोपवाटिका चालविण्यासाठी दुसऱ्या माशाची रोपवाटिका बाजूस चालवावी लागली. शिवाय आकारमानाप्रमाणे पिलांची वर्गवारी वरचेवर करावी लागे.

एवढे करून पिले महिन्याची झाली की एक विलक्षणच संकट उभे राही. ट्यूनाच्या पिलात पुढे झेपावण्याची शक्ती अगोदर येते, वळण्याची व थांबण्याची मागाहून येते. शेपटी तयार असते, पण दिशा देणारे पर तयार नसतात. परिणाम असा की जरा दचकले की पिलू बाणासारखे सुटे व टाकीच्या भिंतीवर किंवा जाळीवर आपटून पाठीचा कणा मोडून मरे. रात्री रस्त्याने जाणाऱ्या मोटारीचा झोत पडला, वीज चमकली, एवढेही कारण पुरे होई. टाक्या व पिंजरे मोठे केले, रात्रभर दिवे लावून अंधार-उजेडातला फरक कमी केला, तेव्हा ही मर कमी झाली. यांतील कोणताही उपाय ग्रंथात लिहिलेला नव्हता. सकाळी टाकीच्या तळाशी पडलेली मेलेली पिले मोजून, कोणते केव्हा व कोठे मेले याची नोंद ठेवून तो सापडला. आपल्या कार्यक्षेत्रातील रोपवाटिकाधारकांस मेलेल्या रोपांची नोंद ठेवण्यास सांगावे, तर ते जगलेल्या रोपांचा आकडा सांगतात. मेलेल्यांचा आकडा अधिक शिकवतो, एवढे त्यांना पटवून दिले पाहिजे.

१९९५ व १९९६ मध्ये जन्मलेल्या पिलांपैकी २००२ पर्यंत फक्त वीस मासे उरले होते. जून २००२ मध्ये या वीस माशांनी अंडी घातली. बंदिस्त जागेत जन्मलेल्या ब्लूफिनला बंदिस्त जागेतच संतती झाली, चक्र पूर्ण झाले. कामास आरंभ होऊन बत्तीस वर्षे झाली होती. २००४ पासून हा मासा बाजारात गेला, आणि २०१३ मध्ये विद्यापीठाने ओसाकात स्वतःचे उपाहारगृह काढून आपला मासा आपणच वाढावयास सुरुवात केली. कृषी विद्यापीठाने स्वतःची खानावळ चालवावी ही कल्पना आपल्याकडे कोणास रुचेल की नाही, सांगता येत नाही. परंतु ज्याने पिकवले त्यानेच गिऱ्हाइकास सामोरे जावे यात गैर काही दिसत नाही.

इतर देशांनीही प्रयत्न केले. पनामातील आचोतिनेस प्रयोगशाळेत १९९६ पासून पिवळ्या पराचा ट्यूना जमिनीवरील टाकीत अंडी घालीत आला आहे. ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने मोठे ट्यूना मासे हेलिकॉप्टरने उचलून जमिनीवरील टाकीत आणले, दिवसाची लांबी व पाण्याचे तापमान कृत्रिम रीतीने बदलून २००८ मध्ये त्यांच्याकडून अंडी मिळविली. वर्तमानपत्रांनी मोठा गाजावाजा केला. परंतु पिले पुरेशी जगेनात, व काही वर्षांतच कंपनीने ते काम थांबवून दुसऱ्या, सोप्या माशाकडे मोर्चा वळविला. अंडी मिळणे ही बातमी होते. पिले जगणे हा व्यवसाय होतो, आणि दोहोंत पुष्कळ अंतर आहे.

येथे एक सामान्य समजूत तपासून पाहणे जरूर आहे. संवर्धनामुळे समुद्रातील ट्यूना वाचला, असे अनेकदा लिहिले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. प्रशांत महासागरातील ब्लूफिनचा अंडी घालण्याजोगा साठा २०१० च्या सुमारास इतका खालावला होता की मासेमारी सुरू होण्यापूर्वीच्या अंदाजित साठ्याच्या तो ४ टक्केही उरला नव्हता. म्हणजे २००२ चा पराक्रम होऊन आठ वर्षे झाली तरी साठा घटतच होता, कारण जपानातील बहुतेक पिंजऱ्यांत समुद्रातून धरलेलीच पिले भरली जात होती. साठा सुधारला तो निर्बंधांनी. संबंधित देशांनी ठरविले की २०१५ पासून ३० किलोंहून लहान माशांची पकड २००२ ते २००४ च्या सरासरीच्या निम्म्यावर आणावयाची. कोवळ्या माशास जगू दिले, आणि मासा किती लवकर सावरला पहा: २०२४ मधील मूल्यमापनात साठा २० टक्क्यांच्या उद्दिष्टापलीकडे गेलेला आढळला. अटलांटिक महासागरातील ब्लूफिनचीही हीच कथा असून २०२१ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. याचा दुसरा परिणाम असा झाला की समुद्रातील पिले पुन्हा मिळू लागताच बंदिस्त जागेत जन्मलेल्या महागड्या पिलांची मागणी कमी झाली, व जपानातील काही मोठ्या कंपन्यांनी या कामातून हात आखडता घेतला. विद्या सिद्ध झाली, पण परवडेना. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शासनाने अनेक जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले, त्याकडे मच्छीमार बांधव केवळ जाच म्हणून पाहतात. त्यांना पापलेटाची कोवळी पिले जाळ्यात मारू नका असे सांगताना ट्यूनाचा हा दाखला द्यावा. हुकूम वाचून दाखविण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता चाऱ्याचा हिशेब. पिंजऱ्यातील ब्लूफिनचे वजन एक किलोने वाढण्यास साधारणपणे १३ ते १५ किलो ओली मासळी लागते, काही ठिकाणी याहूनही अधिक. जी मासळी लागते ती तारली, बांगडा, माकूळ या वर्गातील. आपल्याकडे हीच मासळी गरिबाच्या घरी रोज शिजते. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत, व घाटावर आठवडे बाजारापर्यंत, मजुराच्या ताटातील प्रथिने यांतूनच येतात. पंधरा किलो तारली देऊन श्रीमंत देशाच्या ताटासाठी एक किलो कुपा तयार करावयाचा, हा व्यवहार परकीय चलनाच्या वहीत नफ्याचा दिसेल. गावच्या पोषणाच्या वहीत तो तोट्याचा आहे. तारलीची मोठी रास आजही किनाऱ्यावरील पेंडीच्या व तेलाच्या कारखान्यांत जाते. तिच्यावर आणखी एक भुकेलेला गिऱ्हाईक बसविण्याचे कारण नाही. कोणी म्हणेल, गोळीखाद्य देता येईल. ट्यूनासाठी तसे खाद्य बनविण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, तथापि त्या गोळीतही प्रमुख घटक मासळीची पेंड व तेल हेच असतात.

आणखी अडचण पाण्याची. ब्लूफिनला स्वच्छ, खोल व थंड पाणी लागते. आपल्या किनाऱ्याचा समुद्र दूरपर्यंत उथळ, गढूळ व उष्ण. जून ते ऑगस्ट दर्या उधाणलेला. त्या दिवसांत मोठमोठ्या नौका बंदरात ओढून ठेवतात, तेथे तीस मीटर व्यासाचा पिंजरा कोण राखणार? आपल्या लहान कुप्यांवर उद्या संशोधन व्हावे, याला माझा विरोध नाही. ते काम संशोधन संस्थांचे आहे, व त्यांना तीन नव्हे तर पंधरा-वीस वर्षांची शाश्वती देऊन ते करवून घ्यावे. कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याचे ते काम नव्हे. कुप्याच्या शेतीत भागीदारी देतो, दोन वर्षांत पैसा तिप्पट करतो, असे सांगत कोणी गावात आला तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास एकच प्रश्न विचारावा: पिले कोठून आणणार? याचे सरळ उत्तर जो देऊ शकत नाही त्याच्या कागदावर कोणी सही करू नये.

मग आपण काय करावे? रायगड जिल्ह्यात अलिबाग व पेण तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरापुढे असलेल्या तळ्यांत पिढ्यान् पिढ्या जिताडा वाढतो आहे. जावई आला की तळ्यात जाळे पडते, ही तेथली रीत. हा मासा समुद्रालगतच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिले खाडीतून वर येतात, आणि गोड्या पाण्यातही ती उत्तम वाढतात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी व खाजणांत ही पिले गोळा करून तळ्यात सोडावयाची, अशी आपली पद्धत. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की पोर्ट लिंकनच्या कंपन्या जे लक्षावधी रुपये खर्चून करतात, तेच आपला शेतकरी पागेर टाकून करीत आला आहे. दोघांचेही बी रानटी. दोघेही निसर्गाच्या कोठारातून उसने घेतात. खाडीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने बिघडते, खारफुटी तुटते, उघाड्या नादुरुस्त होतात, व दर पावसाळ्यात पिले शोधण्यास अधिक लांब जावे लागते, अशी तक्रार या भागातील वयोवृद्ध शेतकरी करतात.

फरक इतकाच की जिताड्याच्या बीजाचा प्रश्न सुटलेला आहे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने १९९७ च्या सुमारास बंदिस्त जिताड्यापासून बीज मिळविण्याचे तंत्र सिद्ध केले, व आज तामिळनाडूसह किनारी राज्यांतील बीज केंद्रांत हे बीज तयार होते. हेही काम सोपे नव्हते. जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो व काही वर्षांनी मादी होतो. तेव्हा जनक माशांचा कळप राखावयाचा तर नव्या-जुन्या पिढ्या एकत्र सांभाळाव्या लागतात. तामिळनाडूच्या मंडपम येथे २०१० मध्ये कोबिया माशाचेही बीज मिळाले. म्हणजे समुद्री माशांचे बीज ही आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या किनाऱ्यास हवे आहे ते रायगड व रत्नागिरीच्या शेतकऱ्यास एका दिवसाच्या प्रवासात पोचता येईल असे जिताड्याचे बीज केंद्र. कुप्याच्या पिंजऱ्यास जेवढा पैसा लागेल त्याच्या लहानशा अंशात ते उभे राहील, व त्याचा लाभ दहा धनिकांस नव्हे तर हजारो तळीवाल्यांस होईल. ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून वर आली पाहिजे.

ते होईपर्यंत ज्यांना बीज केंद्रातील जिताडा आणावयाचा आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवाव्यात. एकट्याने मागविल्यास वाहतूक परवडत नाही, सबब आठ-दहा तळीवाल्यांनी मिळून मागणी नोंदवावी. गोळीखाद्यावर सवयलेली बोटुकलीच मागावी. केवळ जिवंत चाऱ्यावर वाढलेली पिले तळ्यात आल्यावर खाद्यास तोंड लावीत नाहीत. प्राणवायू भरलेल्या पिशव्या तळ्याच्या पाण्यावर काही वेळ तरंगत ठेवून मगच उघडाव्यात. बीज केंद्राचे पाणी खारे असते, तेव्हा गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी पिले घेतली असतील तर ती एकदम न सोडता लहान हौदात चार-पाच दिवस थोडे थोडे गोडे पाणी मिसळीत सवयीची करावीत. जिताड्याचे पिलू स्वतःच्या दोन-तृतीयांश लांबीचे भावंड गिळू शकते. म्हणून हापा बांधून त्यात पिले ठेवावीत, दर तीन-चार दिवसांनी मोठी व लहान निराळी करावीत, व ती हाताच्या बोटाहून लांब झाली म्हणजे तळ्यात सोडावीत. तळ्यात अगोदर चिलापी सोडलेली असल्यास तिची पिले जिताड्याच्या तोंडी आपोआप पडतात व खाद्याचा खर्च पुष्कळ वाचतो. हापातील मेलेली पिले रोज सकाळी मोजून वहीत लिहावीत, आणि ती वही पुढील भेटीत आम्हांस दाखवावी.